खिशात मावणारा झूम कॅमेरा घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोबाईल असताना वेगळा कॅमेरा कशाला?

पुष्कळ जणांना त्याची गरज नसते, हे आधीच सांगितलेलं बरं. जेवणाचं ताट, घरातला ग्रुप फोटो, रात्रीचा रस्ता हे सगळं चांगला मोबाईल बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांपेक्षा सरस टिपतो. तो एका क्लिकमध्ये अनेक फ्रेम घेतो आणि त्या जोडून चित्रातला ठिपकेदारपणा कमी करतो. छोटे कॅमेरे बहुधा हे करत नाहीत.

कॅमेरा पुढे जातो तो लांबच्या वस्तूवर. महागड्या मोबाईलची '५ एक्स' लेन्स साधारण १२० मिमीची असते (हा लेन्सच्या फोकल लेंग्थचा आकडा, तो जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं). त्यापुढे मोबाईल चित्र कापून मोठं करतो आणि तपशील अंदाजाने भरतो. खिशातला कॅमेरा काचेच्या जोरावर २००, ७२० किंवा ९६० मिमीपर्यंत जातो. दुसरा फायदा झेनॉन फ्लॅशचा. हलत्या माणसाला तो एका क्षणात गोठवतो, ते मोबाईलच्या एलईडीला जमत नाही. शिवाय काही ठिकाणी मोबाईलच चालत नाही. ताडोबात सफारीला मोबाईल नेऊ देत नाहीत, कॅमेरा चालतो. कॅमेरा शुल्काचे नियम बदलत असतात, ते बुकिंग करतानाच वाचून घ्या.

यातलं काहीच तुमच्या कामाचं नसेल, तर पैसे वाचवा.

'४० एक्स' म्हणजे वस्तू ४० पट मोठी दिसते का?

नाही. लेन्सची सर्वांत लांब फोकल लेंग्थ भागिले सर्वांत आखूड फोकल लेंग्थ, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. २४ ते ९६० मिमी म्हणजे ४० एक्स, २८ ते १४० म्हणजे ५ एक्स. मोबाईलवाले मात्र एक्स मोजतात ते मुख्य लेन्सपासून. त्यामुळे दोन डब्यांवरचे एक्स समोरासमोर ठेवून उपयोग नाही, मिमी पाहा. ते '३५ मिमीच्या तुलनेत', म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्म कॅमेऱ्याच्या मापात, दिलेले असायला हवेत. कॅमेऱ्याच्या लेन्सभोवती छापलेला ४.३-१७२ असा छोटा आकडा खरी फोकल लेंग्थ असते, तो तुलनेसाठी नाही.

'डिजिटल झूम', 'इंटेलिजेंट झूम' वगैरे आकडे सरळ सोडून द्या. कॅमेरा हातात आला की डिजिटल झूम मेनूतून बंद करून टाका, नाहीतर झूमचा खटका दाबताना नकळत त्यात शिरायला होतं.

मला नेमका किती झूम लागेल?

हे बोटावर मोजता येतं: अंतर गुणिले ३६, भागिले मिमी. उत्तर येतं ते चौकटीच्या रुंदीचं, अंतर मीटरमध्ये असेल तर तेही मीटरमध्ये.

शाळेच्या स्नेहसंमेलनात तुम्ही रंगमंचापासून १५ मीटरवर बसला आहात. ७० मिमीला चौकट ७.७ मीटर रुंद, म्हणजे जवळजवळ अख्खा रंगमंच. २०० मिमीला २.७ मीटर, तुमचं पोर आणि शेजारचे एक-दोघे. इथे २०० पुरे. आता ४० मीटरवर वाघ बसलाय असं धरा. २०० मिमीला चौकट ७.२ मीटरची, वाघ त्यात छोटासा. ७२० ला बरोबर २ मीटर, म्हणजे शेपूट सोडून वाघाने चौकट भरली. भिगवणला होडीतून फ्लेमिंगो टिपायचे तर ७२० सुद्धा अपुरा वाटेल. हरिश्चंद्रगडावरून कोकणकडा घ्यायचा असेल तर प्रश्न उलटा: तिथे २४ मिमी हवा, २८ ला कड्याची कड कापली जाते.

खरेदीला निघण्याआधी तुमच्या नेहमीच्या तीन फोटोंची अंतरं या हिशेबात घालून पाहा. दुकानदाराच्या सगळ्या बोलण्यापेक्षा यातून जास्त कळतं.

'१ इंच सेन्सर' खरोखर एक इंचाचा असतो का?

नसतो. त्याचं माप १३.२ × ८.८ मिमी. जुन्या व्हिडिओ नळ्यांच्या व्यासावरून ही नावं पडली आणि तशीच राहिली. छोट्या कॅमेऱ्यांतला दुसरा नेहमीचा सेन्सर १/२.३ इंची, माप सुमारे ६.२ × ४.६ मिमी. क्षेत्रफळ काढलं तर ११६ विरुद्ध २८ चौरस मिमी, म्हणजे चौपट. लेन्सचा एफ आकडा (लेन्स किती उघडते त्याचं माप, आकडा लहान तितका प्रकाश जास्त) सारखा असेल तर मोठ्या सेन्सरवर एकूण चौपट प्रकाश पडतो. संध्याकाळी, मंडपात, घरात हा फरक उघड्या डोळ्यांनी दिसतो. दुपारच्या उन्हात फारसा दिसत नाही.

मग मोठा सेन्सर आणि मोठा झूम एकत्र का देत नाहीत?

काच खिशात मावत नाही म्हणून. १/२.३ इंची सेन्सरवर '९६० मिमी' साठी खरी फोकल लेंग्थ १७२ मिमी लागते. एफ/६.९ ला पुढच्या काचेचा उघडा व्यास १७२ भागिले ६.९, म्हणजे २५ मिमी. तेच १ इंची सेन्सरवर करायचं तर खरी फोकल लेंग्थ सुमारे ३५५ मिमी आणि व्यास ५१ मिमी. नुसती पुढची काचच कॅमेऱ्याच्या उंचीएवढी झाली.

सेन्सर, झूम आणि उजळ लेन्स या तिघांपैकी खिशातल्या कॅमेऱ्यात एकाला तरी कात्री लागतेच. कोणाला लावायची हे तुम्ही ठरवायचं. तिन्ही असल्याचा दावा दिसला की एफ आकडा तपासा, बहुतेक वेळा कात्री तिथेच लागलेली असते. जाहिरातीत एफ/२.८ ठळक असतो, पण तो सर्वांत रुंद टोकाचा. लांब टोकाचा आकडा बारीक अक्षरात सापडतो.

सध्या कोणते कॅमेरे पाहावेत?

*उजळ लेन्स, मोठा सेन्सर, आखूड झूम.* कॅनन जी७ एक्स मार्क ३ (२०१९), २४-१०० मिमी, एफ/१.८-२.८, १ इंची सेन्सर. सोनी झेडव्ही-१ (२०२०) २४-७० मिमी, एफ/१.८-२.८, मुख्यतः व्हिडिओसाठी. घरचे समारंभ, बारसं, हळद, गणपतीतली आरास यांसाठी हा गट. पण मागच्या रांगेतून काही टिपायचं असेल तर पुरत नाही.

*मधला मार्ग.* सोनी आरएक्स१०० मार्क ७ (२०१९), २४-२०० मिमी, एफ/२.८-४.५, १ इंची सेन्सर, वजन ३०२ ग्रॅम, वर उघडणारा व्ह्यूफाइंडर (डोळा लावून पाहायची छोटी खिडकी). एकच कॅमेरा सगळीकडे न्यायचा तर आमचं मत यालाच, अडचण फक्त किमतीची. पॅनासॉनिक टीझेड२०० (२०१८) २४-३६० मिमीपर्यंत जातो, सेन्सर तोच १ इंची, पण लेन्स एफ/३.३-६.४, म्हणजे अंधारात बरीच मागे.

*लांब झूम, छोटा सेन्सर.* कॅनन एसएक्स७४० एचएस (२०१८), २४-९६० मिमी, एफ/३.३-६.९. यात रॉ फाइल (प्रक्रिया न केलेला कच्चा फोटो) मिळत नाही, फक्त जेपीईजी. पॅनासॉनिक टीझेड९९ (२०२५), २४-७२० मिमी, यूएसबी-सी आहे, मात्र आधीच्या टीझेड९५ मधला व्ह्यूफाइंडर काढून टाकलाय. उन्हातले पक्षी, प्राणी, डोंगरापलीकडची देवळं यांसाठी ठीक. सूर्य मावळला की हा गट पिशवीत गेलेला बरा.

*स्वस्तातला.* कोडॅक पिक्सप्रो एफझेड५५, २८-१४० मिमी. फ्लॅशचे मजेदार फोटो, मुलांच्या हातात द्यायला ठीक. चित्राच्या दर्जात हा चांगल्या मोबाईलला हरवेल अशी अपेक्षा ठेवून घेऊ नका.

२०० मिमीचा फोटो नंतर कापून ७२० सारखा करता येईल का?

२० मेगापिक्सेलचा फोटो २०० वरून ४०० इतका कापला तर ५ मेगापिक्सेल उरतात, ए४ छपाईला चालतात. ७२० इतका कापला तर जेमतेम दीड. व्हॉट्सअ‍ॅपपुरतं ठीक.

स्नेहसंमेलनाचे फोटो काळे किंवा हललेले का येतात?

खिशातल्या कॅमेऱ्यासाठी याहून अवघड काम नाही: अंतर लांब, प्रकाश कमी आणि मुलं नाचतायत. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताचं हलणं थोपवतं, मुलाचं नाही. नाचासाठी शटर १/२०० सेकंद तरी हवं. साध्या उजेडाच्या रंगमंचावर एफ/४.५ ला त्यासाठी आयएसओ (प्रकाश किती वाढवून घ्यायचा तो आकडा) ३२०० च्या घरात न्यावा लागतो. लांब झूम, छोटा सेन्सर गटातल्या एफ/६.४ च्या लेन्सला तेवढ्याच उजेडात ६४०० लागेल, आणि सेन्सर चौपट छोटा. दुप्पट गुणिले चौपट, म्हणजे लांब टोकाला आठपट कमी प्रकाशावर तो कॅमेरा काम करतोय. फोटो रंगपंचमी खेळल्यासारखा ठिपकेदार येणारच.

काय करता येईल: एस (शटर प्रायॉरिटी) मोड, १/२०० पासून सुरुवात. आयएसओची कमाल मर्यादा ३२०० किंवा ६४०० वर बांधा. फ्लॅश बंद करा, १५ मीटरवर त्याचा काडीचा उपयोग नसतो, पुढच्या रांगेतली डोकी मात्र पांढरी होतात. काळ्या पडद्यामुळे कॅमेरा फसून चेहरे पांढरेफटक करतो, म्हणून एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) उणे २/३ किंवा उणे १ करा. नाचात एक गिरकी संपून दुसरी सुरू होण्याआधी क्षणभर मुलं थांबतात, तेव्हा क्लिक करा.

फोटोत आडवे काळपट पट्टे आले तर ते एलईडी दिव्यांचं लुकलुकणं. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. आधी इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून मेकॅनिकल लावा. तरीही राहिले तर १/१०० वर या आणि स्तब्ध क्षणांची वाट पाहा.

पूर्ण झूमवर भर उन्हातही फोटो मऊसर येतो. कॅमेरा खराब आहे का?

बहुतेक वेळा नाही. कारणं चार.

पहिलं, हात. ९६० मिमीला स्टॅबिलायझेशन असूनही शटर १/५०० च्या खाली नेऊ नका. कोपर छातीशी, पाठ खांबाला किंवा जीपच्या दांड्याला टेकवून, दोन-तीन फोटो लागोपाठ घ्या. त्यातला मधला बहुधा स्थिर निघतो, कारण बटण दाबताना आणि सोडताना कॅमेरा हलतो.

दुसरं, भौतिकशास्त्र. छोट्या छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो. एफ/६.९ ला एका बिंदूची सुमारे ९ मायक्रॉनची चकती होते, आणि १/२.३ इंची २० मेगापिक्सेल सेन्सरचा एक पिक्सेल १.२ मायक्रॉनचा. एक बिंदू सात-आठ पिक्सेलभर पसरला. म्हणून या कॅमेऱ्यांत लांब टोकाला एफ/८ वर जाऊ नका, आणि फोटो १०० टक्के मोठा करून नाराजही होऊ नका.

तिसरं, हवा. दुपारी तापलेल्या जमिनीवरून किंवा पाण्यावरून दूरचं टिपलं की हवा थरथरते, त्याला कोणताच कॅमेरा औषध नाही. सकाळी आठच्या आत जा.

चौथं, फोकस. वाघासमोरचं गवत कॅमेऱ्याला जास्त आवडतं. फोकसची चौकट सर्वांत छोटी करून डोळ्यावर ठेवा.

चंद्राचा फोटो येईल का?

९६० मिमीला चंद्र चौकटीच्या उंचीचा साधारण तिसरा हिस्सा भरतो. ऑटोवर तो पांढरा गोळा येतो, म्हणून मॅन्युअलमध्ये आयएसओ १००, एफ/६.९, १/२५० पासून सुरू करा. २ सेकंदांचा टायमर लावा. पौर्णिमेपेक्षा अष्टमीचा चंद्र घ्या, तिरक्या उजेडात खड्ड्यांच्या सावल्या दिसतात.

मेगापिक्सेल किती हवेत?

२० पुरतात. हा आकडा बघून निर्णय घेऊ नका.

व्ह्यूफाइंडर नसला तर चालेल का?

मे महिन्यात दुपारी स्क्रीनवर स्वतःचा चेहरा दिसतो, समोरचा पक्षी नाही. लांब झूमसाठी व्ह्यूफाइंडर दुहेरी कामाचा: उन्हात दिसतं, आणि कपाळाला टेकल्याने कॅमेरा स्थिर राहतो. १०० मिमीपर्यंतच्या कॅमेऱ्यात नसला तरी निभावतं. चष्मा असेल तर दुकानात चष्म्यासकट डोळा लावून चारही कोपरे दिसतात का ते पाहा.

बॅटरी आणि कार्ड कोणतं?

आरएक्स१०० मार्क ७ ची बॅटरी प्रमाणित चाचणीत सुमारे २६० फोटो देते, एसएक्स७४० ची जवळपास तेवढीच. व्हिडिओ आणि झूमचा खेळ चालू असेल तर कमी. कंपनीची एक जादा बॅटरी पहिल्याच दिवशी घ्या, तीन वर्षांनी मिळेलच असं नाही. विमानात जादा बॅटरी हातातल्या बॅगेतच न्यावी लागते, चेक-इन बॅगेत चालत नाही.

कार्ड ६४ जीबी, व्ही३० छाप असलेलं. १०० एमबीपीएसचा ४के व्हिडिओ तासाला ४५ जीबी खातो, म्हणजे ६४ जीबीत जेमतेम ८५ मिनिटं. नकली कार्डांवर लिहिलेलं असतं १२८ आणि आत असतं ८, मग फोटो निघतात पण उघडत नाहीत. नवीन कार्ड संगणकावर काठोकाठ भरून, परत वाचून पाहा आणि मगच कॅमेऱ्यात फॉर्मॅट करा.

पाऊस, धूळ, बुरशी यांपासून कसं जपायचं?

या गटातले बहुतेक कॅमेरे जलरोधक नसतात. वारीत किंवा पावसाळी ट्रेकला नेणार असाल तर झिपची पिशवी हवीच.

धुळीचा त्रास यांना जास्त. झूम आत-बाहेर होताना लेन्स भात्यासारखी हवा ओढते आणि खिशातली सुतं, पिशवीतला भुगा आत जातो. सेन्सरवर कण बसला की प्रत्येक फोटोत आकाशात त्याच जागी राखाडी डाग. लेन्स निघत नसल्याने घरी साफ करता येत नाही, कॅमेरा उघडावाच लागतो आणि त्याचे पैसे बरेच होतात. म्हणून जीन्सच्या खिशात उघडा टाकू नका. पातळ कापडी पाकीट ठेवा, ते महिन्यातून एकदा धुवा. समुद्रकिनाऱ्यावर, गुलाल उधळताना झूम शक्यतो हलवू नका.

एसी गाडीतून कोकणातल्या दमट हवेत कॅमेरा काढला की काचेवर दव धरतं. पुसत बसू नका, आत धरलं असेल तर पुसलंही जात नाही. गाडीतच झिपच्या पिशवीत बंद करा आणि उतरल्यावर २०-३० मिनिटं तशीच राहू द्या, दव पिशवीवर धरेल.

जून ते सप्टेंबर कॅमेरा कपाटात, चामड्याच्या केसमध्ये ठेवू नका, बुरशीला तेच हवं असतं. हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि दोनशे-तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहू द्या. जेलचा रंग बदलला की कढईत मंद आचेवर कोरडं करून पुन्हा वापरता येतं (निळं जेल असेल तर ती कढई स्वयंपाकात परत वापरू नका, त्यात कोबाल्ट असतं).

'लेन्स एरर' आली, आता?

लेन्सच्या नळ्यांत वाळूचा कण अडकला, किंवा खिशात असताना कॅमेरा चालू होऊन नळ्या कापडावर दाबल्या गेल्या आणि दाते सरकले, ही नेहमीची दोन कारणं. बॅटरी काढून दहा मिनिटांनी पूर्ण भरलेली घाला, कमी चार्जमुळेही हे होतं. नळ्यांच्या फटीत हातपंपाने हवा मारा, लेन्स खाली धरून. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. इतक्यावर सुटली नाही तर सर्व्हिस सेंटर. इंटरनेटवर लेन्स हाताने पिळायचे, टेबलावर आपटायचे उपाय सापडतील, दुरुस्तीची उरलीसुरली शक्यता त्यात संपते.

जुना सीसीडीचा डिजिटल कॅमेरा घ्यावा का?

सीसीडी हा जुन्या प्रकारचा सेन्सर. त्याच्या फोटोंची जी मजा आहे ती बरीचशी थेट फ्लॅशची आणि त्या काळच्या रंगांच्या प्रक्रियेची. तेवढ्यासाठी स्वस्तात मिळाला तर जरूर घ्या, पण आधी कार्ड पाहा. जुन्या ऑलिम्पस आणि फुजीफिल्ममध्ये एक्सडी कार्ड, सोनीत मेमरी स्टिक, दोन्ही आता शोधावी लागतात. एसडी खाचेचा कॅमेरा २००६ च्या आधीचा असेल तर बहुधा २ जीबीपर्यंतचंच कार्ड ओळखतो. आणि २००२ ते २००४ च्या सुमाराचा असेल तर दोनदा विचार करा: त्या काळातल्या काही सीसीडी सेन्सरचे आतले जोड उष्ण-दमट हवेत सुटत आणि चित्र जांभळं किंवा काळं येई. २००५ मध्ये अनेक कंपन्यांनी मोफत दुरुस्ती जाहीर केली होती, ती मुदत कधीच संपली.

वापरलेला कॅमेरा तपासायचा कसा?

स्वतःचं कार्ड घेऊन जा, दिवसाउजेडी भेटा.

१. चालू-बंद दहा वेळा करा. लेन्सची झाकणी प्रत्येक वेळी पूर्ण मिटते का? झूम संपूर्ण आत-बाहेर करा, करकर आवाज किंवा मध्येच अडखळणं नको.
२. पूर्ण झूम, ए मोड (एफ आकडा आपण ठरवायचा), सर्वांत मोठा एफ आकडा, कमी आयएसओ, पांढऱ्या भिंतीचा फोटो फोकस नसताना काढा. राखाडी ठिपके म्हणजे धूळ.
३. वर्तमानपत्राचं पान भिंतीवर ताठ चिकटवा, समोर सरळ उभे राहून २४ मिमीला टायमरने फोटो घ्या. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर चालतं. एकच बाजू धूसर असेल तर कॅमेरा पडलेला आहे.
४. लेन्समध्ये मोबाईलचा टॉर्च तिरका मारून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी, तिथेच सौदा सोडा.
५. बॅटरीच्या कप्प्यात हिरवट-पांढरा साका आहे का, झाकणाची खिट्टी घट्ट बसते का. कप्प्यावरचा सिरियल नंबर बिलाशी जुळवा.

नातेवाइकांकडून परदेशातून मागवावा का?

स्वस्त पडू शकतो, पण वॉरंटी बहुधा त्याच देशापुरती असते. भारतातली वॉरंटी हवी तर इथलं जीएसटी बिल आणि कंपनीचं वॉरंटी कार्ड लागतं. अमेरिकेत शोधताना नावं बदलतात: पॅनासॉनिक टीझेड९९ तिथे झेडएस९९, कॅननचा इक्सस तिथे एल्फ. जपानमधून मागवत असाल तर एक गोष्ट आधी विचारा. तिथल्या स्थानिक बाजारासाठी विकलेल्या सोनीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत मेनूची भाषा फक्त जपानी असते, बदलता येत नाही. पर्यटकांसाठी विकलेलं बहुभाषी मॉडेल वेगळं मिळतं, जरा महाग. येताना खरेदीचं बिल हातातल्या बॅगेत ठेवायला सांगा, कस्टमवाले विचारतात.